इथे एकदाच विचारतात

प्रिय भाचेबुवा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईने काल बॅगांचा फोटो पाठवला. हॉलभर पसारा, मधोमध वजनकाटा आणि काट्यावर गोड्या मसाल्याची पुडी. ती आण. डाळ-तांदूळ काढून ठेव, इथे जर्मनीत सगळं मिळतं. तूप आणि पेढेही काढ. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर कचऱ्यात जातील. इथल्या लोण्याचं तूप सुरेख कढतं, बेरीसुद्धा निघते. कुकर आणणार असशील तर इंडक्शनवर चालणारा बघून घे. माझा पहिला कुकर तापायलाच तयार नव्हता.

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, कल्चर शॉक बसतो का गं?" मी हसून टाळलं, कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याच्या डोक्यात थंडी, बीफ आणि बिअर असते. त्या तिन्हींची सवय होते किंवा ती टाळता येतात. अडतं ते आपल्या "हो" आणि "नको"वर.

२००६ च्या सप्टेंबरात मी इथे आले. तिसऱ्या आठवड्यात एका सहकाऱ्याने रविवारी दुपारी कॉफीला बोलावलं. टेबलावर ताज्या आलुबुखारांचा केक, अख्खा ट्रेभर, शेजारी फेटलेल्या सायीचं भांडं. सकाळपासून मी फक्त चहावर होते. त्याच्या बायकोने एक तुकडा उचलून विचारलं, "देऊ?" मी आपली सांगलीकडची. म्हटलं, "नको नको." तिने मान हलवली आणि तो तुकडा शेजारच्याच्या ताटलीत ठेवला. झालं! पुन्हा कुणी विचारलं नाही. दीड तास सगळ्यांनी गप्पा मारत दोन-दोन तुकडे खाल्ले आणि मी काळी कॉफी पीत केकचं कौतुक केलं. परतताना स्टेशनवर एक प्रेट्झेल विकत घेतला आणि उभ्या उभ्या संपवला.

त्या बाईंच्या मनात काही नव्हतं. मला नको आहे असं मी सांगितलं आणि त्यांनी माझ्या शब्दाचा मान ठेवला. आपल्याकडे पहिलं "नको" हे नको नसतं, ती आग्रहाला दिलेली जागा असते. इथे आग्रह हा प्रकारच नाही. एकदा विचारतात, उत्तर ऐकतात, विषय संपला. भूक असेल तर पहिल्याच फेरीत हो म्हण.

केकवर निभावलं, पण ऑफिसात हेच महागात पडलं. पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. मीटिंगमध्ये विचारलं गेलं, "ड्रॉइंग शुक्रवारपर्यंत मिळेल?" मी म्हटलं, "हो." माझ्या हिशेबात त्याचा अर्थ होता की ऐकलंय, जीव तोडून प्रयत्न करते, पुढचं पुढे. बुधवारीच दिसत होतं की जमणार नाही. शनिवारी घरी बसून करू, सोमवारी सकाळी देऊन टाकू, कुणाला कळतंय? सोमवारी कळलं की माझ्या "हो"वर विसंबून वर्कशॉपने त्या सकाळसाठी मशीन आणि दोन माणसं राखून ठेवली होती. सहकारी चिडला नाही. त्याने वही उघडली. तारीख, माझं नाव, पुढे "शुक्रवार". मग विचारलं,

"जमणार नाही हे तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"मग बुधवारी का नाही सांगितलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. वाईट वाटेल म्हणून, असं म्हणायला गेले असते तर त्याला काही समजलं नसतं. वाईट कुणाला वाटणार होतं?

तेव्हा "होऊन जाईल", "बघतो", "करतो की" ही आपली सगळी नाणी चाकणलाच ठेवून ये. इथे चालत नाहीत. त्याऐवजी म्हण, "शुक्रवारी नाही जमणार, मंगळवारी नक्की देतो." कुणी नाक मुरडणार नाही. तारीख पुढे ढकलणाऱ्याला इथे कुणी कामचुकार म्हणत नाही, ती लपवणाऱ्याला म्हणतात. आणि समजलं नसेल तर "समजलं नाही" असंच म्हण. मी पहिली दोन वर्षं माना डोलवल्या आणि संध्याकाळी घरी बसून अर्थ लावले. बहुतेक चुकीचे.

उलट बाजूही ऐकून ठेव. तुझं काम उत्तम झालं तरी कुणी पाठ थोपटेल अशी वाट पाहू नकोस. आमच्या श्वाबेन मुलुखातली म्हणच आहे, की शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं. माझा पहिला साहेब माझी ड्रॉइंगं बघून एकच शब्द बोलायचा, "पास्ट". म्हणजे बसतंय. आठ महिने मला वाटत होतं, हा माणूस माझ्यावर नाराज आहे. मग त्यानेच मला नव्या प्रकल्पाचं प्रमुख केलं.

भाषेत तुला एक फायदा आहे, तो विसरू नकोस. जर्मनमध्ये "झी" आणि "डू" आहे, म्हणजे अहो आणि अरे. इंग्रजीच्या वाटेने आलेल्यांना हे वर्षभर घोळवावं लागतं, आपल्या हाडात आहे. हल्ली ऑफिसात पहिल्या दिवसापासून डू चालतं. पण शेजारच्या आजोबांना, डॉक्टरांना, सरकारी खिडकीपलीकडच्या बाईंना झी. अहोवरून अरेवर यायचं आमंत्रण वयाने मोठ्याने द्यायचं असतं. आणि हो, श्टुटगार्ट म्हण. शब्दाच्या तोंडी आपली एसटी आली की इथे तिचा श्ट होतो.

क्लास सोडू नकोस. ऑफिसचं काम इंग्रजीत निभावतं म्हणून मुलं ए-टूवर, म्हणजे भाषेच्या दुसऱ्या पायरीवर, थांबतात आणि मग पाच-पाच वर्षं घरमालकाच्या पत्राचा फोटो काढून दुसऱ्याला पाठवत बसतात. तू ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, येतोयस. बी-वन, म्हणजे तिसरी पायरी, असेल तर कायमच्या वास्तव्यासाठी २१ महिन्यांनी अर्ज करता येतो, नुसत्या ए-वनवर २७. सहा महिने वाचतात, पण माझ्या मते ते दुय्यम आहे. बी-वनशिवाय जिन्यातलं बोलणं कळत नाही.

जिन्याबद्दलच सांगते. तू राहशील त्या इमारतीत एखाद्या सोमवारी तुझ्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसेल: "केअरवोखे". झाडलोटीचा आठवडा, तुझी पाळी. भाडेकरारात लिहिलेलं असतं. आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा, आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला. मोठी पाळी असेल तर अंगण, तळघर आणि फुटपाथसुद्धा, हिवाळ्यात बर्फासकट. ही खोड जुनी आहे. शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने आपलं शेणखत दर आठवड्याला बाहेर न्यावं, असा हुकूम इथे १४९२ साली निघाला होता.

माझ्या पहिल्या पाळीला मी जिना नुसता झाडून घेतला. दिसायला लख्ख. समोरच्या आजी बाहेर आल्या, खाली वाकल्या, कठड्याच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. राखाडी. एक शब्द बोलल्या नाहीत. मी आत जाऊन रडले, आईला फोन करून म्हटलं, मला इथे मोलकरीण समजतात. आई म्हणाली, "बोट फिरवलं ना? मग तुझी आजी आणि त्या एकाच शाळेतल्या!" दुसऱ्या दिवशी बादली घेऊन पट्टी पुसली. शनिवारी आजींनी दारावर जॅमची बाटली आणून ठेवली. पुढची अकरा वर्षं, त्या जाईपर्यंत, दर दिवाळीला मी त्यांना श्रीखंड देत होते. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्काच, पाकिटावर ४० टक्के स्निग्धांश लिहिलेला घे आणि रात्रभर फडक्यात टांग. त्या त्याला "तुझं पिवळं" म्हणायच्या.

आता कागदपत्रं भराभर सांगते. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. नोंदणीच्या वेळी धर्म विचारतील. त्यात खोच नाही, तो चर्चच्या कराचा हिशेब असतो, तुला लागू नाही. टपालपेटीवर आडनाव लाव, पहिल्याच दिवशी. कराचा क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड सगळं टपालाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन मुकाट्याने परत नेतो. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. घर बघायला गेलास आणि स्वयंपाकघरात चार भिंती आणि नळाची तोटी एवढंच दिसलं तर दचकू नकोस, ओटा-कपाटं आधीचा भाडेकरू घेऊन जातो. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो, घरटी. घरात टीव्ही नाही हे कारण चालत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा मिक्सर बंद. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला जाऊ नकोस, आवाज होतो. आजारी पडलास तर ऑफिसला कळव आणि झोप. तापात लॅपटॉप उघडून निष्ठा दाखवलीस तर कौतुक होणार नाही, ओरडा बसेल.

घर मिळणं मात्र कठीण आहे, आणि इथे तुला गोडगोड सांगणार नाही. चाळीस ईमेल पाठवशील, पाच उत्तरं येतील. बरंचसं गर्दीमुळे, काही वेळा आडनावामुळे. मी एका जागेसाठी तीनदा लिहिलं, उत्तर नाही. सहकाऱ्याने आपल्या नावाने लिहिलं, त्याला त्याच दुपारी आलं. राग गिळू नकोस. ऑफिसातल्या माणसाकडे सरळ जाऊन सांग, "मला घर मिळत नाहीये, माझ्यासाठी फोन कराल?" इथे तुझं तोंड बघून कुणी मदतीला धावत नाही. मागितलीस तर शनिवार मोडून येतात, टेम्पो चालवतात, कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवतात. मागायची लाज मात्र आपली आपण सोडावी लागते. आपल्याकडे न सांगता ओळखणं हेच प्रेम, त्यामुळे मागणं जिवावर येतं. मलाही यायचं.

मैत्रीचंही तसंच. इथली माणसं कॅन्टीनमध्ये ओळख करून घेत नाहीत, फेराइनमध्ये करतात. फेराइन म्हणजे आपलं मंडळ रे. टेबल टेनिसचं, डोंगर चालण्याचं, गाण्याचं, बागकामाचं. सात जण जमले की नोंदवता येतं. आपली मराठी मंडळंही बरीचशी अशीच नोंदलेली आहेत. गणपतीत ये, ढोल वाजव, मोदक खा. पण मंगळवारची संध्याकाळ एखाद्या जर्मन फेराइनला दे. पहिले सहा महिने कुणी बोलणार नाही, सातव्या महिन्यात तुझ्या हातात खजिनदारीची वही देतील. वाढदिवसाला केक तूच घेऊन जायचा, आणि दुसऱ्याला आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. यात मी एकदा तोंडघशी पडलेय.

शेवटचं, घरच्या फोनबद्दल. तू येशील त्या रविवारीच इथली घड्याळं एक तास मागे जातील, म्हणजे आईमधलं आणि तुझ्यामधलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचारांवर. रात्री जेवून फोन करशील तेव्हा ती झोपेत असेल. बारा वाजता, जेवणाच्या सुट्टीत कर. तिकडे साडेचार, चहाची वेळ. आणि तिथे मात्र इथलं वळण नेऊ नकोस. २०१४ साली मी दर रविवारी विचारायचे, "बाबा, तब्येत?" बाबा म्हणायचे, "ठणठणीत." मी एव्हाना इथली झाले होते. उत्तर मिळालं, विषय संपला. भावाचा फोन आला तेव्हा कळलं की तीन महिने त्यांना जिना चढवत नव्हता. मी पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. पूर्वी त्यांच्या "ठणठणीत"मधला "नको नको" मला ऐकू यायचा. तो कधी यायचा बंद झाला, ते कळलंच नाही.

असो. तू आल्यानंतरच्या शनिवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे कॉफीला ये. समोरच्या आजींच्या जागी आता एक तरुण जोडपं आहे, त्यांनाही बोलावलंय. आलुबुखारांचा हंगाम संपलेला असेल, सफरचंदाचा केक करीन. येणार की नाही ते गुरुवारपर्यंत कळव. "बघतो मावशी" असं लिहिलंस तर मी नाही असं धरीन आणि केक लहान करीन.

तुझी,
श्टुटगार्टची मावशी