आजीचा आठवडा

प्रिय ईरा,

परवा फोनवर तू विचारलंस त्याचं उत्तर घाईत राहून गेलं. जर्मनीत, लायप्झिगच्या तुमच्या फ्लॅटमध्ये तुझ्यासोबत राहणाऱ्या मुली रविवारी बसून आठवड्याचं जेवण ठरवतात, कागद फ्रिजवर लावतात. तू त्यांना सांगितलंस की आजीच्या घरी असं काही नसतं, तिला मी कधी काही लिहिताना पाहिलं नाही. आणि मग मला विचारलंस, मराठी घरांत खरंच आयत्या वेळी सुचेल ते करतात का?

नाही गं. आजीचा आठवडा अर्धा तर वारांनीच ठरवलेला असतो. मालवणच्या घरात सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या चार दिवशी मासे नाहीत. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्या दिवशी सकाळी बाजारात जे चांगलं मिळेल ते. (तुझ्या शाळेच्या कँटीनमध्येही शुक्रवारी मासेच असायचे, आठवतं? शुक्रवारी मांस नाही, मासे चालतात, ही ख्रिस्ती लोकांची जुनी रीत. त्यांचाही आठवडा असाच बांधलेला होता.) महिन्यातून एकदा संकष्टी, त्या दिवशी चंद्रोदय किती वाजता ते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बघायचं. १९७३ पासून ते कॅलेंडर मराठी घरांत आहे आणि पानामागच्या पाककृती आजी अजून वाचते. संकष्टीला खिचडी म्हणजे आदल्या रात्री साबुदाणा भिजलाच पाहिजे.

आमचं बरंचसं जेवण आधी ठरवल्याशिवाय होतच नाही. मटकीची उसळ घे. सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायची, मालवणच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी मोड येतात. म्हणजे गुरुवारच्या उसळीचा विचार मंगळवारी सकाळी झालेला असतो. आंबोळ्यांचं पीठ आदल्या रात्री आंबायला हवं. थालीपिठाची भाजणी महिन्याभराची एकदम दळून आणलेली. आणि पावसाळ्याची तयारी तर मे महिन्यातच: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद, म्हणून सोडे, सुकट, सुके बांगडे आधीच डब्यांत भरलेले. हे सगळं नियोजनच आहे. ते कागदावर नव्हतं म्हणून तुला दिसलं नाही.

पण ते कागदावर नसणं मला कधीच आवडलं नाही, आणि तुला मुख्य सांगायचं आहे ते हेच. सगळा आठवडा एका बाईच्या डोक्यात. आजी तापाने पडली की फडक्यात बांधलेली मटकी कोणत्या दिवसासाठी आहे, नारळ किती उरलेत, हे घरात कुणालाच ठाऊक नसायचं. ती अंथरुणातून सांगायची आणि बाकीचे धावायचे. रांधण्याचे कष्ट दिसतात, पण रोज संध्याकाळी ‘आता काय करू’ या विचाराने येणारा थकवा कुणी मोजत नाही. घरातलं कुणीही वाचू शकेल असं लिहून ठेवलं की तो विचार वाटला जातो. आपल्या घरी मी असा कागद लावायचे, तेव्हा बाबा न विचारता छोले भिजत घालायचा, कारण त्याला ते फ्रिजवर दिसत होतं. माझ्या दृष्टीने या कागदाचा सगळ्यात मोठा फायदा हाच. पैसे वाचतात, भाजी कमी कुजते, हे त्याच्या नंतर. तुमच्या फ्लॅटमधल्या मुली करतात ते मला म्हणूनच आवडलं.

आता तू तुमच्या कागदात आपलं काय घालशील ते सांगते. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी बाजार. मेथी, पालक, कोथिंबीर पहिल्या दोन-तीन दिवसांत संपव. कोबी, गाजर, दुधी आठवड्याच्या शेवटी ठेव, ते टिकतात. एक दिवस कडधान्याचा धर, आणि दर आठवड्याला तेच नको: मटकी, चवळी, मूग, मसूर असं फिरवत राहा. तिकडच्या जानेवारीत मोडांना दोन दिवस दे, आणि पातेलं हीटरजवळ ठेव. वरण दुप्पट कर. उरलेल्यात दुसऱ्या दिवशी कणकेचे तुकडे सोडलेस की वरणफळं, त्याला वेगळी भाजी लागत नाही. भात उरला तर फोडणीचा. हेही कागदावर लिही, नाहीतर उरलेलं मागच्या कप्प्यात विसरलं जातं.

एक चौकट मात्र रिकामी ठेव. कुणी बाहेर जेवेल, कुणाला परीक्षेमुळे जमणार नाही. त्या दिवसासाठी कुळथाचं पीठ मी पार्सलमध्ये घातलं आहे. लसणीची फोडणी, पाणी, मीठ, दोन आमसुलं, पीठ थंड पाण्यात कालवून घाल आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. सोबत गरम भात. मुलींनाही आवडेल, पण पहिल्या वेळी तिखट कमी घाल.

पुढच्या रविवारी तुमचा कागद लिहून झाला की फोटो पाठव. आजीलाही दाखवते. गुरुवारी तू उसळ लिहिली असशील तर ती लगेच विचारेल की भिजत कधी घातलीस, तेव्हा ते आधी ठरवून ठेव.

तुझी,
आई