अल्टोत बसलीस म्हणून

बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. शाळेच्या क्वायरच्या, म्हणजे समूहगानाच्या, मॅडमनी यंदा तुला सोप्रानोतून, मुलींच्या वरच्या आवाजातून, काढून अल्टोत, त्याखालच्या आवाजात, बसवलं, तेव्हापासून तुझा चेहरा उतरलाय म्हणाली. आणि त्याच आठवड्यात क्लब फेअरला, शाळेतली मंडळं नावं नोंदवून घेतात तिथे, तू सात टेबलांवर नाव लिहून आलीस, हेही सांगितलं. मला वाटतं या दोन गोष्टी एकमेकींना धरूनच आहेत. एका जागी कमी पडलो असं वाटलं की माणूस सात जागी हात घालतो.

आधी अल्टोचं बोलू.

तू घरी तंबोऱ्यावर गाणं शिकलीस. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, गंधार ऐकू येतो. तुझ्या आजीने तुला लहानपणी डोळे मिटून तो ऐकायला बसवलं होतं, आठवतंय? तो स्वयंभू गंधार पियानोवरच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. पियानोच्या पट्ट्या सगळ्या सप्तकात सारख्या अंतरावर बसवलेल्या असतात, त्यामुळे तिथला गंधार जरासा चढा राहतो. आता गंमत बघ. क्वायर जेव्हा पियानोशिवाय गाते आणि बास, म्हणजे सगळ्यात खालचे पुरुषी आवाज, षड्जावर उभे असतात, सोप्रानो पंचमावर, तेव्हा मधला गंधार पुष्कळदा अल्टोच्या वाट्याला येतो. तो पियानोसारखा चढा लावला तर सूर एकमेकांवर घासतात. तंबोऱ्यातला लावला की सगळा हॉल एकदम शांत होतो, जसा काही एकच आवाज घुमतोय. तो गंधार कानात घेऊन आलेली मुलगी तुमच्या क्वायरमध्ये कदाचित तू एकटी असशील. मॅडमनी तुला खाली ढकललेलं नाही. ज्याचा कान पक्का त्याला मधला आवाज देतात, कारण वरून गाणं आणि खालून बास ओढत असताना आपल्या सुरावर टिकणं सगळ्यांना जमत नाही.

मात्र काही गोष्टी तुला सोडाव्या लागतील. मींड आवर. एका सुरावरून दुसऱ्यावर तू घसरत जातेस, तिथे शेजारची मुलगी सरळ पाऊल टाकते, आणि दोघींचे आवाज फाटतात. 'आ' किती उघडायचा हे तिच्याकडे बघून ठरव. आणि श्वास. लांब सूर असला की तिने श्वास घेतला त्या क्षणी तू घ्यायचा नाहीस. तू दोन मात्रांनी नंतर, शब्दाच्या मध्येच, हळूच घे आणि हळूच परत ये. बाहेर ऐकणाऱ्याला वाटतं चाळीस मुलं एका दमात गातायत. एकटीने गाताना हे कधी शिकायला मिळत नाही.

साईट-सिंगिंगची भीती तर काढूनच टाक. ऑल-स्टेटच्या, म्हणजे राज्यभरातून निवडलेल्या क्वायरच्या, ऑडिशनला न पाहिलेला तुकडा समोर ठेवून लगेच गायला सांगतात, आणि तिथेच भली भली मुलं अडकतात. तुमच्याकडे 'डो', त्यांच्या डो-रे-मी-फा सरगमचा पहिला सूर, सरकता आहे ना? म्हणजे तो तुझा 'सा'च झाला. पट्टी बदलली की सा बदलतो, हे तुला चौथ्या वर्षापासून ठाऊक आहे. सूर दाखवायच्या हाताच्या खुणा तेवढ्या बसव: 'डो'ची मूठ, 'मी'चा आडवा तळहात, 'फा'चा खाली वळलेला अंगठा. रोज दहा मिनिटं.

आता ते सात क्लब. माझ्या लेकीच्या वेळी हा हट्ट मीच धरला होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जात, कॉमन अ‍ॅपमध्ये, उपक्रमांना 10 जागा असतात आणि प्रत्येक वर्णनाला जेमतेम 150 अक्षरं. मला त्या दहाही भरायच्या होत्या. बारावीच्या ऑक्टोबरात ती टेबलाशी बसली तेव्हा आठ क्लबांबद्दल तिला एक धड वाक्य सुचेना. क्वायरच्या स्वरलिपींची कपाटं मात्र तिने दोन वर्षं सांभाळली होती. फाटलेली पानं चिकटवायची, क्रमांक घालायचे, कॉन्सर्टनंतर कुणाची फोल्डर आली नाही ते शोधायचं. त्याबद्दल लिहायला तिला 150 अक्षरं पुरेनात. रडली त्या रात्री, थकून. तू दोनच ठेव. क्वायर, आणि आणखी एक, जिथे तू एका मंगळवारी गेली नाहीस तर कुणीतरी विचारेल.

नॅशनल ऑनर सोसायटीबद्दल, शाळेतल्या निवडक मुलांच्या त्या संस्थेबद्दल, आईला मी वेगळं सांगेन. तिला ते दहावीतल्या गुणवत्ता यादीसारखं वाटतं. तसं नाही. 1921 साली अमेरिकेतल्या मुख्याध्यापकांच्या संघटनेने ती सुरू केली, आणि अभ्यास, सेवा, नेतृत्व, चारित्र्य असे चार खांब धरले. 3.0 जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, ही फक्त दाराची कडी. पुढे पाच शिक्षकांची समिती बसते आणि बहुमताने ठरवते. त्यातले एखादे शिक्षक तुला फक्त जेवणाच्या सुट्टीत पाहत असतील, तू उष्टा ट्रे कुठे ठेवतेस ते. सेवेचे तास तारीखवार वहीत लिही आणि सही त्याच दिवशी घे. मे महिन्यात सह्यांसाठी धावणारी मुलं मी दरवर्षी बघते. आणि निवड झाली नाही, तर एक दिवस रड आणि बुधवारच्या तालमीला वेळेवर जा. तिथे तुझा गंधार लागतो.

रविवारी येताना ती काळी फोल्डर घेऊन ये. तंबोरा मी लावून ठेवते.

तुझी,
मावशी