तबेल्यात नुसत्या उभ्या असलेल्या घोडीला थंड हवेतही घाम का फुटतो?

कळव्याला खाडीकडेचा तबेला, वरातीची घोडी, तुळशीचं लग्न होऊन गेल्यावरची हवा, दिवसभर काम नाही, आणि तरी मान, छाती, कुशी ओल्या, असं तुम्ही लिहिलंय. आधी हवेला दोष देऊ नका. उभ्या घोडीचा घाम म्हणजे तिला काहीतरी दुखतंय असं धरून चला. ठोके आणि ताप ठीक निघाले तरच हवेकडे वळा. आधी हवा-पंखा करत बसलात तर पोटदुखीचे पहिले मोलाचे तास हातचे जातात.

घोड्याच्या घामग्रंथी ॲड्रेनलिनने चेततात. त्यामुळे श्रमाने येतो तसाच घाम कळ आल्यावर, घाबरल्यावरही येतो. बाहेर २० अंश असले तरी येतो.

नाडी खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला लागते. बोटाखाली जाड दोरीसारखी शीर सरकते, तीच. दोन बोटं हलकी ठेवा, अंगठा नको. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. विसाव्याला २८ ते ४४ ठोके ठीक. घाम आहे आणि ठोके ५०च्या वर आहेत, तर डॉक्टरांना लगेच फोन. ६०च्या वर असतील तर एक मिनिटही थांबू नका. श्वास कुशीच्या हालचालीवरून मोजा, मिनिटाला ८ ते १६. तापासाठी साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. त्याला दोरा बांधा, टोकाला खोबरेल लावा, मागे नव्हे तर बाजूला, घोडीच्या पुठ्ठ्याला (मागच्या मांडीला) लागून उभे राहा. टोक गुदद्वाराच्या भिंतीला टेकलं पाहिजे. लिदीच्या गोळ्यात रुतलं तर आकडा कमी येतो आणि ताप सुटून जातो. ३८.५ अंश सेल्सियसच्या वर म्हणजे ताप.

मग पोट. कुशीला कान लावा, दोन्ही बाजूंना, वर आणि खाली. गुडगुड ऐकू आली पाहिजे. दोन मिनिटं पूर्ण शांतता असेल तर लक्षण चांगलं नाही. घोडी वळून कुशीकडे बघते का, पुढच्या पायाने जमीन उकरते का, वरचा ओठ मुडपते का, बसते-उठते का, लीद शेवटची कधी टाकली? यातलं काही असेल तर चंदी (दाणा) आणि चारा समोरून काढा. लग्नाच्या दिवसांत मंडपातला उरलेला भात, पोळ्या, मिठाई कोणीतरी प्रेमाने खाऊ घालतं. ते आतड्यात आंबतं, गॅस धरतो आणि घोड्याला उलटी करता येत नाही. मोतद्दाराला, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्याला, हे आजच सांगा. तोंड वर धरून बाटलीने तेल ओतू नका, ते फुप्फुसात जाऊन घोडी दगावू शकते. डॉक्टर ते नाकातून नळी घालून देतात. घरात आहे म्हणून वेदनेचं इंजेक्शनही टोचू नका. दुखणं झाकलं जातं आणि आतडं पिळलंय की नाही हे कळायला उशीर होतो.

पोट ठीक असेल तर खूर बघा. खुराच्या मागे, घोट्याखाली नाडी जोरात उडते, खूर गरम लागतात, घोडी वजन मागच्या पायांवर टाकून उभी राहते, म्हणजे खुराच्या आतली सूज. ती भयंकर दुखते. तिला चालवू नका, पायाखाली जाड मऊ भुसा घाला.

ताप येऊन जातो, पुन्हा येतो, हिरड्या फिकट, पोटाखाली किंवा पायांवर सूज असेल तर सर्रा आठवा, म्हणजे रक्तातल्या जंतूंचा आजार. तो घोडमाश्यांच्या चाव्याने पसरतो. तपासणीसाठी काचपट्टीवर रक्ताचा थेंब ताप असतानाच काढून घ्या, नाहीतर जंतू हुकतात.

घाम एकाच बाजूला, मानेवर आणि कानाच्या बुडाशी, शिवाय त्या बाजूची पापणी लोंबलेली, तर मज्जातंतूला इजा आहे. मानेच्या शिरेत दिलेलं इंजेक्शन बाहेर सांडलं तरी असं होतं. पंधरा-वीस वर्षांची घोडी असेल, केस लांब राहिलेत, झडत नाहीत, पाणी फार पिते, तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराची रक्ततपासणी करून घ्या. गाभण असेल आणि अकरा महिने भरत आले असतील तर घाम ही विण्याची सुरुवातही असते.

हे सगळं बाजूला पडलं की हवा. घोड्याला सोयीची हवा साधारण ५ ते २५ अंश. ठाण्यात आपण २७ला स्वेटर शोधतो, पण पत्र्याच्या शेडला ताडपत्री लावली, वर झूल टाकली, की खाडीच्या दमटपणात घाम वाळतच नाही. झूल काढा, उघड्यावर सावलीत उभी करा, मान-छातीवर पाणी मारून हाताने निथळवा. शेजारच्या ठाणातल्या घोड्यांनाही घाम आहे का ते बघा. एकटीलाच असेल तर कारण तिच्यातच आहे. अर्ध्या तासात सुकली, ठोके ४४च्या आत राहिले, तर शेडची हवा दुरुस्त करा. नाहीच सुकली तर पुन्हा नाडी धरा.

घोड्याच्या घामात मीठ फार जातं, म्हणून बरं वाटल्यावर एक बादली साधं पाणी, शेजारी एक मिठाचं असं ठेवा. चंदीत रोज २५ ते ३० ग्रॅम साधं मीठ घाला. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा ठोके, ताप, घामाची जागा आणि शेवटच्या लिदीची वेळ एका कागदावर लिहून समोर धरा.