फाइल कायमची पुसणाऱ्या इरेजर या प्रोग्रॅमला ३५ पास (म्हणजे फाइलवर पुन्हा पुन्हा दुसरंच काहीतरी लिहिण्याच्या ३५ खेपा) लावले तरी काम एरर दाखवून संपतं. फाइल खरंच पुसली गेली का?

आधी ते ३५ पास काढा. एक पास पुरतो. कॉम्प्युटर सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांनी १९९६ साली ते ३५ पास मांडले, तेव्हाच्या डिस्कवर माहिती लिहिण्याच्या निरनिराळ्या जुन्या पद्धती धरून. सगळे ३५ कुणालाच लागत नाहीत हे पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं. तरी लोक आकडा बघून भुलतात.

मी सांगलीत इन्कम टॅक्सची रिटर्न भरतो. २०१३ मध्ये ऑफिसचा विंडोज ७ चा कॉम्प्युटर भाच्याला द्यायचं ठरलं. दाजी कॉम्प्युटर दुरुस्तीतले, म्हणून पुसायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ३५ पास, दोन रात्री, एकही एरर नाही. पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला, "मामा, हे फॉर्म १६ कुणाचे आहेत?" त्याने फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स', म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या, उघडलं होतं. माझ्या पक्षकारांचे पॅन, पगार, बँकेचे खाते नंबर, सगळं जसंच्या तसं. मशीन घरातच होतं म्हणून निभावलं. बाहेर विकलं असतं तर मी त्या लोकांना तोंड दाखवू शकलो नसतो.

दाजींचं म्हणणं आजही तेच, "एखादा पास अर्धवट राहिला असेल." नाही दाजी. रिस्टोअर पॉइंट (बिघाड झाल्यास मागे जाण्यासाठी विंडोजने ठेवलेली खूण) चालू असला की फाइलवर पहिल्यांदा काही लिहिलं जाताना विंडोज जुना मजकूर आधी शॅडो कॉपीत, म्हणजे लपवलेल्या प्रतीत, बाजूला ठेवतं. म्हणजे पहिल्याच पासाला खरी फाइल सुखरूप दुसरीकडे गेली आणि उरलेले ३४ पास तिच्या जुन्या, आधीच पुसलेल्या जागेवर घासत बसले. ३५ काय, ३५०० दिले असते तरी तेच झालं असतं.

तेव्हा विंडोजच्या सिस्टिम प्रोटेक्शन या सेटिंगमध्ये जाऊन त्या ड्राइव्हचे रिस्टोअर पॉइंट आधी डिलीट करा, मग फाइल पुसा. फाइल आधीच पुसून झाली असेल तर पॉइंट उडवून इरेजरला डिस्कची रिकामी जागा पुसायला लावा. विंडोजची सायफर कमांड स्लॅश डब्ल्यू (cipher /w) देऊन तेच काम फुकटात करते.

तुमच्या एररचं म्हणाल तर बहुतेक वेळा फाइल दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने धरून ठेवलेली असते, नाहीतर परवानगी नसते. इरेजर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि टास्क लॉग उघडा, अडलेल्या फाइलचं नाव तिथे असतं.

दोन गोष्टी राहिल्या. पॉइंट उडवले की विंडोज बिघडल्यावर मागे जाता येत नाही, म्हणून लागणाऱ्या फाइलींचा बॅकअप आधी घ्या. आणि डिस्क एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी) असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे नवीन मजकूर जुन्याच जागी लिहिला जाईल याची खात्री नसते. ॲपलने २०१५ मध्ये मॅकमधून सुरक्षित रिकामी होणारी कचरापेटी काढून टाकली ती याच कारणाने. एसएसडीवर पहिल्या दिवसापासून बिटलॉकर (सगळी डिस्क सांकेतिक करून कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू ठेवा, आणि मशीन देताना डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्याच टूलने सिक्युअर इरेज करा, म्हणजे पूर्ण डिस्क पुसा. माझं आताचं ऑफिसचं मशीन तसंच आहे, आणि त्याला मी दाजींना हात लावू दिलेला नाही.