आधी चुंबकीय बाजू बघ

परभणी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

ऋण अपवर्तनावर प्रोजेक्ट करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. औंढा नागनाथला लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचे ४ किलोमीटरचे बाहू उभे राहायचेत; लेसर समजणारी पोरं आपल्याच भागात लागणार आहेत. पण भौतिकशास्त्रज्ञ पेंड्रींनी सुचवलेलं, ऋण अपवर्तनावर चालणारं परिपूर्ण भिंग तूर्त बाजूला ठेव.

बारवेच्या पाण्यात शिरलेला किरण लंबाकडे झुकतो, तरी लंब ओलांडून पलीकडेच जातो. ऋण अपवर्तनात तो लंब ओलांडतच नाही. त्यासाठी परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला पदार्थाचा प्रतिसाद) आणि परमिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद) एकाच वारंवारितेला ऋण हव्यात, असं भौतिकशास्त्रज्ञ वेसेलागोंनी १९६७ साली मांडलं. अणूंच्या दाट वायूत पहिली अट अनुनादाजवळ, म्हणजे अणू सर्वात जोरात प्रतिसाद देतो त्या वारंवारितेजवळ, जमते. दुसरीच छळते. अणूचा चुंबकीय द्विध्रुव विद्युत द्विध्रुवापेक्षा साधारण १३७ पट दुबळा, आणि प्रतिसादात हा आकडा वर्गाने येतो, म्हणजे जवळजवळ १९,००० पट. हे गणित स्वतः हाताने कर. त्याशिवाय या विषयात माणसं एवढी का झटली, ते कळायचं नाही.

लेसरचं काम इथे सुरू होतं. नियंत्रक लेसरने अणूच्या योग्य ऊर्जा-पातळ्या जोडल्या की विद्युत आणि चुंबकीय संक्रमणं (पातळ्यांमधल्या उड्या) एकमेकांत गुंततात: विद्युत क्षेत्रामुळे चुंबकन होतं, चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवीकरण. या आडव्या प्रतिसादात १३७ चा फटका एकदाच बसतो. केस्टेल, फ्लाइशहाउअर, येलिन आणि वॉल्सवर्थ यांनी २००७ साली याच वाटेने दाखवलं, की परमिएबिलिटी ऋण नसतानाही अपवर्तनांक ऋण होऊ शकतो. ते गणितच होतं, पण मला फार देखणं वाटतं. कारण त्यात शोषणही दबतं आणि लेसरची तीव्रता बदलून अपवर्तनांक हवा तसा फिरवता येतो.

शोषणाला मात्र कधी हलक्यात घेऊ नकोस. अनुनादाजवळ प्रकाश गिळलाच जातो. म्हणून अपवर्तनांकाचा वास्तव भाग काढलास की शोषण दाखवणारा काल्पनिक भागही त्याच आलेखावर काढ. दोन्ही शेजारी नसतील तर तो आलेख मी बघणार नाही.

आणखी एक. अपवर्तनांक वर्गमूळातून येतो; ते पायथॉनमध्ये काढलंस तर वास्तव भाग धन असलेलंच मूळ मिळतं; ऋण अपवर्तन समोर असूनही दिसणार नाही. लहर पुढे जाताना क्षीण झाली पाहिजे, हे धरून मूळ तू निवड.

आधी तीन पातळ्यांची घनता-मॅट्रिक्स समीकरणं (अणूची अवस्था कशी बदलते ते सांगणारी) वहीत सोडव, कॉम्प्युटर नंतर. दसऱ्याला येशील तेव्हा वही घेऊन ये, शोषणाच्या पदापासून सुरुवात करू.

तुझे सर