गाडी कुठाय, होडी कुठाय, कासव कुठाय?

जीपीएसवर यावेळी एवढी पत्रं आली की बाकीचे विषय सरळ पुढच्या अंकात ढकललेत.

प्रश्न: माझा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असतो, ड्रायव्हर पगारी. ट्रॅकर बसवलाय, पण ॲपवर कधीकधी ट्रॅक्टर तासन् तास एकाच जागी दिसतो आणि ड्रायव्हर म्हणतो मी कामावरच होतो. खोटं कोण बोलतंय? (एक वाचक, माळशिरस)

उत्तर: दादा, बहुतेक कुणीच नाही. कारखान्याच्या काट्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॉल्या किती वेळ उभ्या असतात ते मी तुम्हाला काय सांगणार, आणि मळणी मशीनला लावलेला ट्रॅक्टर तर दिवसभर जागचा हलत नाही तरी इंजिन चालूच असतं. ट्रॅकरला फक्त जागा कळते. इग्निशनची वायर जोडून घेतली असेल तर इंजिन चालू होतं की बंद तेही कळतं, त्यामुळे किलोमीटर बघत बसू नका, इंजिनचे तास बघा. डिझेल कुठं जातंय हे मात्र त्यावरून कळणार नाही, त्याला टाकीत वेगळा सेन्सर लागतो.

अजून एक, ट्रॅकर उपग्रहाचं फक्त ऐकतो, तुम्हाला कळवायचं काम आतलं सिमकार्ड करतं. म्हणून घेताना विचारा की रेंज नसेल तेव्हाचा रूट तो साठवून ठेवतो का, आणि आत बॅटरी बॅकअप आहे का, कारण चोर पहिल्यांदा वायरच ओढतो. मोबाईलवरून इंजिन बंद करायची सोय मिळते म्हणून लोक खूश होतात, पण भरल्या ट्रॉलीसकट चालता ट्रॅक्टर बंद पाडलात तर काय होईल विचार करा. मी तरी ती वायर जोडणार नाही.

प्रश्न: आमची बोट हर्णै बंदरात आहे. तांडेलाकडे (बोट चालवणाऱ्या प्रमुखाकडे) मोबाईल आहे, जीपीएस आहे, मग बोटीवर बसवायचं ते सरकारी संदेशयंत्र, ट्रान्सपाँडर, कशाला? नजर ठेवायला देतात असं सगळे म्हणतात. (एक बोटमालकीण)

उत्तर: ताई, बोटीवरचा जीपीएस तांडेलाला सांगतो की तू कुठे आहेस, तुम्हाला घरी काहीच सांगत नाही. आणि किनारा मागे पडला की मोबाईल नुसता गाणी ऐकायला. ट्रान्सपाँडर इस्रोच्या उपग्रहातून बोलतो, त्याला टॉवर लागत नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला या योजनेची सुरुवात झाली, देशभरातल्या १ लाख यांत्रिक मासेमारी नौकांना टप्प्याटप्प्यानं बसवायचेत आणि नौकामालकाला ते फुकट आहे. तांडेलानं मोबाईल ब्लूटूथनं जोडून 'नभमित्र' ॲप उघडलं की वादळाचा इशारा तिथंच येतो, देशाच्या सागरी हद्दीजवळ गेलात तर सूचना येते, आणि मशीन बंद पडून बोट वाहत चालली तर संकटाचा मेसेज जागेसकट किनाऱ्यावर पोचतो. नजर राहते का? हो, राहते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण खलाशी तुमचे आहेत, मला विचाराल तर बसवून घ्या.

प्रश्न: गुहागरच्या कासवांना टॅग लावले होते, शाळेतली मुलं नकाशावर त्यांचा माग काढायची, मग एकदम सिग्नल बंद. मुलं विचारतात, कासव मेलं का? (एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर: मुलांना सांगा, सिग्नल गेला म्हणजे कासव गेलं असं अजिबात नाही. टॅग पाठीच्या कवचावर चिकटवलेला असतो, तो कधी सुटतो, कधी अँटेना खडकावर घासून मोडते, बॅटरी संपते. आणि पाण्याखालून सिग्नल निघतच नाही, कासव श्वास घ्यायला वर आलं आणि नेमका तेव्हा वरून उपग्रह जात असला तरच गाठ पडते. खरं तर हे आपल्या गाडीसारखं जीपीएस असेलच असं नाही, बऱ्याचदा टॅग नुसती हाक मारतो आणि उपग्रह जवळ येता-लांब जाताना त्या हाकेची फ्रिक्वेन्सी कशी बदलते त्यावरून जागा काढतात.

आपल्या कोकणात हे जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या 'प्रथमा' नावाच्या कासवापासून सुरू झालं. पुढच्या वर्षी गुहागरहून टॅग लावून सोडलेली 'बागेश्री' तर दक्षिणेला जाऊन श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली! आणि मुलांना आवडेल अशी गंमत म्हणजे, २०२१ मध्ये ओडिशात पंखाला साधी धातूची पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालायला आली. ना बॅटरी, ना सिम, नुसता नंबर. मधला रस्ता मात्र ती पट्टी सांगत नाही, त्यासाठी महागडे टॅग लागतातच.

प्रश्न: किल्लीला लावायची ब्लूटूथची डबी बाईकमध्ये लपवली तर ट्रॅकरचे पैसे वाचतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: गर्दीत चालेल. त्या डबीत जीपीएस नसतं, आसपासच्या लोकांचे मोबाईल तिचा पत्ता कळवतात. तुमच्या सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, बाईक सापडेल, उसाच्या फडात टाकून दिली तर नाही.