साठच्या पुढे मागून घों-घों येतं: बेअरिंग की डिफरन्शियल?

मागच्या चाकांना जोर जाणारी तुमची गाडी ६० च्या पुढे घुमते म्हणता, तर आधी टायरवर उलटा-सुलटा हात फिरवा. रबर करवतीसारखं लागलं तर आवाज बहुधा टायरचाच. खडबडीत रस्ता सोडून गुळगुळीत डांबरावर आलात की तो बदलतो.

टायर ठीक असतील तर मोकळ्या रस्त्यावर ७० ला ॲक्सिलरेटर सोडा. दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं झालं तर संशय क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) आतल्या दातेरी चाकांवर. काहीच फरक नाही, फक्त वेगाबरोबर वाढतो, तर चाकाचं बेअरिंग.

कोणत्या बाजूचं? पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर बोटांना लगेच कळते. (जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका.)

गॅरेजमध्ये डिफरन्शियलचं ऑइल समोर काढायला लावा. ऑइल काढायच्या बोल्टच्या चुंबकावर काळपट पेस्ट असतेच, धातूचे तुकडे दिसले तर हौसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) उघडावं लागेल. मी एकदा हे न बघता बेअरिंग बदलून बसलो, आवाज जिथल्या तिथे.